अतारी, अटारी आणि शह

प्रश्न : ताई, माझी दहा वर्षांची मुलगी टॅबवर गो हा खेळ शिकते आहे. मध्येच पडद्यावर 'अतारी' असं उमटतं. मी म्हटलं, अगं, हे तर जुन्या व्हिडिओ गेमवाल्या कंपनीचं नाव. ती म्हणते, नाही बाबा, हा खेळातलाच शब्द आहे. आमच्यात कोण बरोबर? आणि उच्चार अतारी की अटारी?

उत्तर : मुलगी बरोबर आहे, आणि तुम्हीही. शब्द मुळात खेळाचा. कंपनीने तो तिथून उचलला.

आधी उच्चाराचं सांगते, कारण इथे मराठीत लिहिणाऱ्याची चांगलीच सोय आहे. जपानीत 'ट' नाही. तिथला उच्चार आपल्या 'त'शी जुळतो, म्हणून खेळातला शब्द अतारी. इंग्रजीभाषकांच्या तोंडी आपला 'त' नाही, त्यामुळे अमेरिकेत गेल्यावर त्याचा अटारी झाला. रोमन लिपीत दोन्ही अगदी एकसारखे दिसतात. आपल्याला मात्र एका अक्षराने ते वेगळे ठेवता येतात, आणि मी कित्येक वर्षं तसेच ठेवत आले आहे. पटावरची अतारी, यंत्रावरचं अटारी.

अर्थासाठीही मराठीत एक चपखल क्रियापद आहे : लागणे. नेम लागतो, लॉटरी लागते, अंदाज लागतो. जपानी 'अतारु' हे क्रियापद जवळजवळ या सगळ्या जागी चालतं, आणि अतारी हे त्याचं नाम. सोडतीत बक्षीस लागलं तरी तिथे अतारीच म्हणतात.

पटावर त्याचा अर्थ फार नेमका आहे. गोचा पट १९ उभ्या आणि १९ आडव्या रेघांचा. खडे चौकटीत ठेवायचे नाहीत, रेघा जिथे छेदतात त्या बिंदूंवर ठेवायचे. असे ३६१ बिंदू. ठेवलेला खडा हलत नाही. पटाच्या मधल्या खड्याला चार बाजूंना चार मोकळे बिंदू असतात, कडेवरच्याला तीन, कोपऱ्यातल्याला दोन. चिनी खेळाडू या मोकळ्या बिंदूला 'ची' म्हणतात, म्हणजे हवा, श्वास. मी शिकवताना श्वासच म्हणते. समोरच्याने एकेक श्वास बंद करत आणला आणि शेवटचा एकच उरला, की तो खडा अतारीत आला. तोही बंद झाला की खडा उचलून बाजूला ठेवायचा. चिनी भाषेत अतारीला 'दाची' म्हणतात (यातला 'ची' वेगळा, श्वासाचा नव्हे), शब्दशः मारणं आणि खाणं. मला त्यापेक्षा जपानी शब्द जवळचा वाटतो, कारण त्यात अजून काही घडलेलं नाही. नेम लागला आहे इतकंच.

आता कंपनी. नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी हे कॅलिफोर्नियातल्या अँपेक्स कंपनीत एका खोलीत काम करत, आणि दोघं गो खेळत. १९७१ मध्ये त्यांनी 'कॉम्प्युटर स्पेस' हे नाणं टाकून खेळायचं यंत्र बनवलं. तेव्हा त्यांच्या भागीदारीचं नाव सिझिजी होतं. तीन खगोल एका रेषेत येणं, असा त्या शब्दाचा अर्थ. १९७२ मध्ये रीतसर कंपनी नोंदवायला गेले तर ते नाव आधीच कुणीतरी घेतलेलं. मग गोमधले शब्द पुढे आले : सेन्ते, अतारी, हाने. त्यातला अतारी ठरला आणि २७ जून १९७२ रोजी कंपनी नोंदली गेली. त्याच वर्षी अ‍ॅलन अ‍ॅलकॉर्न या त्यांच्या इंजिनिअरने 'पाँग' बनवला. सनीव्हेलमधल्या एका बारमध्ये पहिलं यंत्र चाचणीसाठी ठेवलं होतं. थोड्याच दिवसांत ते बंद पडल्याची तक्रार आली. उघडून पाहिलं तर आतला डबा नाण्यांनी ओसंडून वाहत होता.

पुढे बुशनेल या कंपनीतून बाहेर पडले, तरी खेळ सुटला नाही. १९८०च्या दशकात त्यांनी विकत घेतलेल्या एका कंपनीला नवं नाव दिलं, सेन्ते. जी खेळी केल्यावर समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं आणि पुढची चाल पुन्हा आपल्या हाती राहते, तिला गोमध्ये सेन्ते म्हणतात. आणि १९८७ मध्ये अटारी गेम्सने आपली एक शाखा काढली, तिचं नाव तेंगेन. पटाच्या अगदी मध्यावरचा बिंदू तो तेंगेन. एका पटावरून तीन कंपन्यांनी नावं नेली. तुमच्या लेकीला हे जरूर सांगा, पटावर तेंगेनच्या जागी एक ठळक ठिपका तिला दिसेल.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या डीपमाइंड या संस्थेने २०१५ मध्ये एक प्रोग्राम जगासमोर आणला. त्याला अटारी २६०० या जुन्या यंत्रावरचे ४९ खेळ दिले होते आणि पडद्यावरचं चित्र व गुण एवढंच पाहून तो खेळायला शिकला होता. विटांची भिंत फोडायच्या 'ब्रेकआउट'मध्ये तर एका कडेने बोगदा पाडून चेंडू भिंतीच्या मागे पाठवायचं त्याचं त्याला सापडलं. त्याच संस्थेचा गो खेळणारा प्रोग्राम अल्फागो मार्च २०१६ मध्ये सोलमध्ये कोरियाचा अव्वल खेळाडू ली सेडोल याच्याशी पाच डाव खेळला आणि ४–१ ने जिंकला. मी ते डाव रात्री उशिरापर्यंत पुन्हा पुन्हा मांडून पाहिले आहेत. ज्या खेळातून अटारी हे नाव निघालं, त्या खेळाकडे ही माणसं अटारीच्या खेळांवरून आली, हे मला आजही फार सुंदर वाटतं.

प्रश्न : मी बुद्धिबळ खेळणारा माणूस. वर्षभरापासून गो खेळतो. अतारी म्हणजे शह, असं मी समजून चाललो आहे. समोरच्याने अतारी दिली की लगेच खडा वाचवतो, संधी मिळाली की लगेच अतारी देतो. तरीही हरतो, आणि थोडक्यात नाही, भरपूर गुणांनी हरतो. कुठे चुकतंय?

उत्तर : चूक 'शह' या शब्दातच आहे. बुद्धिबळातून आलेल्या बहुतेकांची ती होते, आणि माझीही झाली होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शह हा शब्द फारसी 'शाह'वरून आला, म्हणजे राजा. शह बसतो तो राजाला, आणि राजा एकच असतो. म्हणून शहाला उत्तर न देणं हे नियमातच बसत नाही. राजा हलवा, मध्ये मोहरा घाला किंवा शह देणारा मोहरा मारा, याशिवाय दुसरी खेळीच नाही. गोमध्ये राजा नाही. ३६१ बिंदूंवरचा प्रत्येक खडा दुसऱ्या खड्याइतकाच. अतारी बसते ती अशा एखाद्या खड्याला किंवा एकमेकांना लागून असलेल्या एकाच रंगाच्या खड्यांच्या साखळीला, आणि तिला उत्तर द्यायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवायचं. खडा मरू देऊन पटाच्या दुसऱ्या टोकाला खेळायची पूर्ण मुभा आहे. तुम्ही ही मुभा वर्षभर वापरलेलीच नाही.

हिशोब करून पाहा. जपानी मोजणीत गुण मिळतात ते घेरलेल्या मोकळ्या जागेचे आणि कैद केलेल्या खड्यांचे. तिथे एक खडा गमावला तर समोरच्याला साधारण दोन गुण मिळतात : एक कैद झालेल्या खड्याचा, एक त्याच्याखाली मोकळ्या झालेल्या जागेचा. काळा पहिली खेळी करतो, त्या फायद्याची भरपाई म्हणून पांढऱ्याला साडेसहा गुण आधीच दिलेले असतात. म्हणजे पटावरची पहिली खेळीसुद्धा एका खड्यापेक्षा कितीतरी महाग. डावाच्या सुरुवातीला एक कोपरा रिकामा पडलेला असताना तुम्ही दोन गुणांचा खडा वाचवत बसलात, तर समोरचा कोपऱ्यात जाऊन बसतो. असं चार वेळा झालं की तुमचा एकही खडा मेलेला नसतो आणि तरी डाव गेलेला असतो.

पण सगळे खडे दोन गुणांचे नसतात. तुमचे दोन गट एकमेकांपासून तोडणारा समोरच्याचा खडा अतारीत आला, तर तो एकटा खडा वीस-तीस गुणांचा असू शकतो. तो मेला की तुमचे दोन्ही गट जोडले जातात. म्हणून अतारी दिसली की मी आधी पाहते, हा खडा कुणाला कुणापासून तोडतोय? कुणालाच नाही, असं उत्तर आलं तर बहुधा त्याला सोडून देते.

आता दुसरी सवय, संधी मिळताच अतारी द्यायची. ही जास्त महागात पडते, आणि ती नुसती वाचून पटणार नाही. पट समोर घ्या. मध्यावर चार लगतच्या बिंदूंचा लहानसा चौकोन धरा. वर डावीकडे पांढरा, वर उजवीकडे काळा. खाली डावीकडे काळा, खाली उजवीकडे पांढरा. दोघांनी एकमेकांना छेद दिला आहे. तुम्ही काळे, खेळी तुमची.

वर डावीकडचा पांढरा पाहा. त्याच्या उजवीकडे तुमचा काळा, खालीही तुमचा काळा. उरले दोन श्वास, डावीकडचा आणि वरचा. हात शिवशिवतो. तुम्ही डावीकडे खडा ठेवता, अतारी! पांढरा शांतपणे वर एक खडा वाढवतो. आता त्या दोन खड्यांच्या साखळीचे श्वास मोजा : टोकावर एक, डावीकडे एक, उजवीकडे एक. तीन. दोन श्वासांवर असलेल्या खड्याला तुम्ही स्वतः तीन श्वास मिळवून दिले. आणि वर उजवीकडचा तुमचा काळा खडा? त्याचे श्वास दोनच आहेत, वरचा आणि उजवीकडचा, आणि वरच्या श्वासाला ती पांढरी साखळी आता येऊन टेकली आहे.

तेच खडे पुन्हा मूळ जागी ठेवा. या वेळी अतारी देऊ नका. वर उजवीकडचा तुमचा काळा एक बिंदू वर वाढवा. त्याचे श्वास मोजा : दोनाचे चार झाले. पांढऱ्याचे दोनच राहिले. छेद झाला की वाढायचं, ही गोमधली फार जुनी शिकवण आहे. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला ती भित्र्या माणसाची वाटली होती. श्वास मोजले तेव्हा पटली.

अतारीवर अतारी देत पाठलाग करायचा एक प्रकार आहे, त्याला शिडी म्हणतात. समोरचा खडा पळतो, दोन श्वास मिळवतो, तुम्ही एक बंद करून पुन्हा अतारी देता, तो पुन्हा वळून पळतो. पायऱ्यापायऱ्यांनी ही रांग तिरकी सरकत जाते. पटाच्या कडेला पोचली की पळणाऱ्याला जागा उरत नाही आणि अख्खी रांग उचलावी लागते. मी शिकत होते तेव्हा माझ्या गुरुजींविरुद्ध मला अशी शिडी मिळाली. मी एकेक अतारी देत गेले, ते एकेक खडा ठेवत गेले, एक शब्द न बोलता. अर्धा पट ओलांडल्यावर त्यांची रांग समोरच्या कोपऱ्याजवळ ठेवलेल्या त्यांच्याच एका खड्याला जाऊन मिळाली. तो खडा त्यांनी डावाच्या पहिल्या दहा खेळ्यांत ठेवला होता, माझ्या डोळ्यांदेखत. त्यांचे श्वास एकदम वाढले आणि पाठलाग करणारे माझे खडे मागे सुटेसुटे पडलेले. त्यांच्यामधल्या फटी अशा, की तिथे एक पांढरा खडा पडला की एकाच वेळी माझ्या दोन खड्यांना अतारी. अशा एक-दोन नव्हे, रांगेच्या दोन्ही बाजूंना जागोजागी. गुरुजींनी पुढे एकच खेळी केली आणि हात मांडीवर ठेवला.

त्या दिवसापासून शिडी सुरू करण्याआधी मी तिरक्या रेषेवरून शेवटपर्यंत नजर नेते. तुम्हीही न्या. वाटेत समोरच्याचा खडा असेल तर पहिली अतारी देऊच नका.

तुम्ही बुद्धिबळात गणित करायला शिकला आहात, ते इथे नक्की कामी येईल. फक्त पुढचे दहा डाव एक पथ्य पाळा. अतारी बसली की लगेच हात पुढे करायचा नाही. आधी पटाच्या चारही कोपऱ्यांवरून नजर फिरवायची, मग ठरवायचं.

प्रश्न : ताई, मी बारा वर्षांचा आहे. मी अतारी दिली पण तोंडाने 'अतारी' म्हटलं नाही. समोरच्या मुलाचे सात खडे गेले. तो म्हणाला, ही फसवणूक आहे. म्हणायलाच हवं असतं का?

उत्तर : नाही रे. तू काहीही चुकीचं केलेलं नाहीस. नियमात असं कुठेही नाही. अनुभवी खेळाडू तर कधीच म्हणत नाहीत. समोरच्याला त्याचेच खडे दिसत नाहीत असं सुचवल्यासारखं ते होतं.

नवशिक्यांत म्हणायची पद्धत आहे आणि तीही चांगली आहे. माझ्याकडे नवीन मुलं आली की पहिले दहा डाव मी म्हणायला सांगते, अकराव्यापासून बंद. कारण कानाला सवय लागली की डोळे श्वास मोजणं सोडून देतात. त्या मुलाचे सात खडे गेले म्हणजे सात खड्यांचे श्वास कमी होत होते आणि त्याला ते दिसले नाहीत. पुढच्या वेळी डाव सुरू करण्याआधीच त्याला विचार, म्हणायचं की नाही? जे ठरेल ते दोघांनी पाळा. आणि झालेला डाव त्याच्याबरोबर पुन्हा मांडून बघ, ते सात खडे कुठल्या खेळीला वाचले असते ते दोघं मिळून शोधा. तुला वाटतं त्यापेक्षा बरंच आधी ती खेळी सापडेल.

प्रश्न : नातू सहा वर्षांचा आहे. मला स्वतःला गो थोडाफार येतो, पण जागा मोजण्याचा भाग त्याला समजावताना माझी दमछाक होते आणि तो उठून जातो. कुठून सुरुवात करू?

उत्तर : जागा मोजणं सध्या बाजूला ठेवा. 'अतारी गो' खेळा. नियम एकच : जो पहिला खडा मारेल तो जिंकला. जपानचे नऊ दान म्हणजे सर्वोच्च दर्जाचे व्यावसायिक खेळाडू यासुदा यासुतोशी यांनी लहान मुलांना गोची ओळख करून द्यायला हाच खेळ वापरला आणि देशोदेशी पोचवला.

पट १९ रेघांचा घेऊ नका, ९ बाय ९चा घ्या. ८१ बिंदू, सहा वर्षांच्या मुलाचा हात सगळीकडे पोचतो. पट रिकामा ठेवला तर तो दूरदूर खडे मांडत बसेल, म्हणून सुरुवातीलाच मध्यावर दोन काळे, दोन पांढरे छेद दिलेले ठेवा. वरच्या उत्तरात सांगितलेला चौकोन तोच. पहिल्या खेळीपासून झटापट सुरू होते आणि एक डाव पाच मिनिटांत संपतो.

पहिले काही दिवस त्याला काळे द्या आणि तुम्ही अतारी म्हणत जा. खडा कसा धरायचा तेही याच दिवसांत दाखवा, तर्जनीच्या नखावर टेकवून आणि वरून मधल्या बोटाने दाबून. ठेवताना पटावर टक् असा आवाज आला की मुलांचे चेहरे खुलतात, आणि तो आवाज काढता यावा म्हणूनही ती आणखी एक डाव मागतात.

तो तुम्हाला सरळ खेळून हरवू लागला, की नियम बदला : आता पाच खडे मारणारा जिंकला. इथे एक दिवस तो स्वतःचा एक खडा अतारीत असताना त्याच्याकडे न बघता दुसरीकडे खेळेल. तुम्हाला वाटेल की त्याला दिसलं नाही. लगेच टोकू नका, आधी त्याला विचारा. माझ्याकडच्या एका मुलीने अशा वेळी मला सांगितलं होतं, "तो एकच आहे, तिकडे तुमचे तीन आहेत." त्या दिवशी मी मोठा पट काढला.